नवरा पॉलिसीवर कर्ज काढून फिल्म करायची म्हणतोय, आणि दाखला फाळक्यांचा देतोय

गोदाकाठची:

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचते, त्यातही पाककृती आणि प्रवासवर्णनंच जास्त. धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

आम्ही नाशिकचे. नवरा सातपूरला एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे, मी घरी शिकवण्या घेते, मुलगी सातवीत. नवऱ्याला सिनेमाचं वेड लग्नाच्या आधीपासूनचं आहे. पाहुणे आले की हा माणूस त्यांना पांडवलेण्याला नेतो, पण लेणी राहतात बाजूला, पायथ्याच्या फाळके स्मारकातच तासभर थांबवतो. इथवर माझी काहीच तक्रार नव्हती.

त्याच्या आजोबांचा तंबू होता, म्हणजे टुरिंग टॉकीज. चंदनपुरीच्या खंडोबाची जत्रा, मग आसपासच्या लहानमोठ्या जत्रा, असं बैलगाडीत आणि नंतर टेम्पोत सामान घालून फिरायचे. त्यांच्यावर पंचवीस मिनिटांची शॉर्ट फिल्म करायची हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलंय. पटकथा लिहिली आहे, मी वाचली, खोटं कशाला बोलू, चांगली आहे. तंबू पुन्हा उभा करायचा, जुना प्रोजेक्टर भाड्याने आणायचा, पुण्याहून कॅमेरामन. खर्च आठ लाख. त्यातले काही पॉलिसीवर कर्ज काढून, काही मित्रांकडून, आणि "कमी पडले तर तुझ्या पाटल्या आहेतच." हे हसत म्हणाला, पण म्हणाला.

मी काही बोलायला गेले की उत्तर तयार: "फाळक्यांनी पॉलिसी गहाण टाकली नसती तर भारतात सिनेमा आला असता का? त्यांच्या बायकोने, सरस्वतीबाईंनी, दागिने काढून दिले." 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' हा फाळक्यांवरचा सिनेमा त्याने मुलीलाही इतक्यांदा दाखवलाय की आता तीही त्याच्याच बाजूने. घरात मी एकटी खलनायिका.

इथे सिनेमातले लोक आहेत हे वाचून माहीत आहे. भांडण लावू नका. एवढंच सांगा, या दाखल्याला उत्तर काय द्यायचं? की तो बरोबर आहे?

---

निवृत्त_शाखाधिकारी:

ताई, सिनेमातलं मला शून्य कळतं, पण पॉलिसीतलं कळतं. आयुष्य त्यातच गेलं.

पहिलं, पॉलिसी कुठली आहे ते कागद काढून बघा. टर्म इन्शुरन्स असेल तर विषय संपला, त्यावर कर्ज मिळत नाही. एंडोमेंट असेल तर मिळतं, पण ते विमा रकमेवर नाही, सरेंडर व्हॅल्यूवर मिळतं, म्हणजे पॉलिसी आज मोडली तर जे हाती येईल त्यावर. पॉलिसी चालू असेल तर साधारण सरेंडर व्हॅल्यूच्या नव्वद टक्क्यांपर्यंत. लोक दहा लाखांची पॉलिसी म्हणजे नऊ लाख कर्ज असं धरून चालतात आणि काउंटरवर येऊन आमच्याशी भांडतात. चारपाच वर्षांचीच पॉलिसी असेल तर हाती येणारा आकडा बघून तुमचे यजमान स्वतःच बेत बदलतील.

दुसरं. हे कर्ज फार गोड असतं, कारण मुद्दल फेडायचा तगादा कोणी लावत नाही. व्याज सहामाही असतं. ते थकलं की त्यावर व्याज चढतं. कर्ज अधिक व्याज सरेंडर व्हॅल्यूच्या वर गेलं की पॉलिसी बंद करून रक्कम वळती केली जाते. मधेच दावा आला तर कर्ज कापून उरलेले पैसे वारसाला. वारस म्हणजे तुम्ही.

तिसरं, जे बायकांना सहसा कोणी सांगत नाही. पॉलिसी घेताना ती विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली घेतली असेल, १८७४ चा कायदा आहे, तर ती पॉलिसी बायकामुलांच्या नावची ठेव समजली जाते. तिच्यावर नवरा स्वतःसाठी कर्ज काढू शकत नाही आणि त्याचे सावकारही तिला हात लावू शकत नाहीत. प्रस्तावाच्या कागदात बघा, सापडलं तर सापडलं.

बाकी फाळक्यांच्या वेळी आमची एलआयसी नव्हती, ती १ सप्टेंबर १९५६ ची. त्यांच्या कंपनीचे नियम मला ठाऊक नाहीत, त्यामुळे त्या बाबतीत यजमानांना माफ.

---

चहा_बिस्किट:

वहिनी, पाटल्या आधी माहेरी ठेवून या, मग चर्चा करू.

---

स्टीनबेक:

अगं-तुगं करते, चालवून घे. माझी मुलगी तुझ्याच वयाची असेल.

मी माहितीपट करते. करत होते म्हणू, आता गुडघे परवानगी देतील तेवढंच. आमच्याकडे सगळं उलटं होतं. पगार नवऱ्याचा, बँकेतला, आणि कॅमेरा माझा. म्हणजे तू आज ज्या खुर्चीत बसली आहेस तिथे मी कधीच नव्हते, तुझ्या नवऱ्याच्या खुर्चीत होते. तिथून काय दिसतं ते सांगते.

आधी फाळके. दाखला दिलाच आहे तर तो पुरता घेऊ या, अर्धा नको.

बारा हजारांच्या विमा पॉलिस्या गहाण ठेवून दहा हजार उभे केले, हे खरं. पण ते पैसे 'राजा हरिश्चंद्र' काढायला लागले नाहीत. त्या पैशांवर ते १ फेब्रुवारी १९१२ ला लंडनच्या बोटीत बसले. तिथे स्टुडिओत जाऊन काम कसं चालतं ते बघितलं, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला, कच्च्या फिल्मला कडेची भोकं पाडायचं यंत्र घेतलं, आणि दोन महिन्यांत परत. म्हणजे पॉलिसी गेली ती शिकण्यात आणि अवजारात. आणि त्या वेळी हा माणूस नवशिका नव्हता. जे.जे.त आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकला होता, गोध्र्याला फोटो स्टुडिओ चालवला होता, त्याच गावात प्लेगने पहिली बायको आणि मूल गेलेलं पाहिलं होतं, छापखाना काढून भागीदारांशी बिनसून बाहेर पडला होता. चाळिशी उलटली होती. हे सगळं "वेड" या एका शब्दात बसवून टाकायचं म्हणजे त्यांच्या कसबाचा अपमान आहे.

परत आल्यावर सिनेमासाठी भांडवल हवं होतं. ते कसं मागितलं? घरात कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा लावला, आणि महिनाभर थोडं थोडं चित्रण करून रोप उगवताना दाखवणारी मिनिटभराची फिल्म केली. 'अंकुराची वाढ'. ती ओळखीपाळखीच्या माणसांना दाखवली, तेव्हा कुठे कर्ज द्यायला माणसं तयार झाली. नवऱ्याला एवढंच विचार, तुझा वाटाणा कुठाय?

आता सरस्वतीबाई. दागिने दिले हे सगळे सांगतात, कारण दागिने देणारी बायको सांगायला बरी असते. त्यांनी काय काय काम केलं ते कमी सांगितलं जातं. कच्ची फिल्म तेव्हा बिनभोकाची यायची. ती अंधारात, रात्री, यंत्रावर हाताने भोकं पाडून तयार करायची. कुठे चुकलं तर कॅमेऱ्यात फिल्म अडकणार. हे सरस्वतीबाई करत. फिल्म धुणं, कॅमेऱ्यात भरणं, उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडणं, हेही. दादर मेन रोडवरच्या त्या घरात कंपनीची पन्नाससाठ माणसं जेवायची, तो स्वयंपाक वेगळाच. फाळक्यांनी त्यांनाच तारामती करायला सांगितलं तेव्हा त्या नाही म्हणाल्या, कारण मग बाकीचं कोण बघणार. शेवटी ग्रँट रोडच्या एका खाणावळीत काम करणारे साळुंके तारामती झाले.

मी स्वतः १६ मिलिमीटरवर काम केलं आहे. चारशे फुटांचा रीळ म्हणजे अकरा मिनिटं. चेंजिंग बॅगमध्ये, म्हणजे उजेड आत न जाणाऱ्या काळ्या पिशवीत, कोपरापर्यंत हात घालून, नुसत्या बोटांनी चाचपत फिल्म भरायची. घाम आला तर तो फिल्मला लागता कामा नये. बाहेरून कोणी काही विचारलं की अंगावर जायचे मी. हे काम मी रोज करत होते, त्यामुळे अंधाऱ्या खोलीत दिवसभराच्या स्वयंपाकानंतर फुटामागून फूट फिल्म सरकवणारी ती बाई माझ्या डोळ्यांपुढे अगदी नीट उभी राहते. ती तंत्रज्ञ होती. आणि फाळक्यांचा मोठेपणा मला तिथे दिसतो, त्यांनी तिला ते शिकवलं. दागिने घेणारे नवरे काय, गल्लोगल्ली आहेत.

एक गोष्ट मात्र अशी आहे की तिथे मी दरवेळी अडते. रोहिदासाचं काम फाळक्यांच्याच मुलाने, भालचंद्रने केलं. वांगणीला बाहेरचं चित्रीकरण चालू असताना तो खेळता खेळता पडला, डोकं फुटलं, शुद्ध गेली. पुढचा प्रसंग रोहिदासाच्या मृत्यूचा होता. तर फाळक्यांनी त्याच अवस्थेत तो घेतला, असं सांगतात. आपल्याकडे हे कौतुकाने सांगितलं जातं, ध्येयवेडा म्हणून. मला कौतुक करता येत नाही आणि शिव्याही देता येत नाहीत. उजेड जातोय, माणसं आणून उभी केली आहेत, उद्याचे पैसे नाहीत, अशा वेळी डोकं कुठल्या दिशेने चालतं ते मला माहीत आहे. माझे वडील शेवटच्या आजारात होते तेव्हा खिडकीतून फार सुंदर ऊन त्यांच्या हातावर पडलं होतं, मी कॅमेरा आणायला उठले. आई म्हणाली, "तो राहू दे, उशी धर." मी उशी धरली. पण नजर उन्हावरच होती, हेही तितकंच खरं. तुझ्या घरात आता असा एक माणूस राहणार आहे, त्याची तयारी ठेव.

आणि हो, तुमच्या लाडक्या सिनेमाची गोष्ट पहिल्या यशापाशी थांबते. ३ मे १९१३, गिरगावातलं कॉरोनेशन, टाळ्या. फाळके त्यानंतर तीस वर्षं जगले. १९१७ ला 'लंका दहन' तुफान चालला, आणि पुढच्याच वर्षी भागीदारांबरोबर नाशिकला हिंदुस्थान फिल्म कंपनी झाली. तुझ्याच गावात. मुलगी मंदाकिनी 'कालिया मर्दन'मध्ये कृष्ण झाली, काय गोड पोर आहे ती, पडद्यावर नुसते चेहऱ्यावरचे भाव दाखवते सुरुवातीला. मग भागीदारांशी खटके, राजीनामा, सगळं बिऱ्हाड घेऊन काशी. तिथे नाटक लिहिलं. परत आले, पुन्हा तीच कंपनी. तेवढ्यात बोलपट आला. कोल्हापूरला १९३७ मध्ये 'गंगावतरण' केला, तो त्यांचा एकुलता बोलपट. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकमध्ये गेले तेव्हा हाती फारसं काही नव्हतं. नावाचा पुरस्कार सुरू झाला १९६९ ला, पंचवीस वर्षांनी. नवरा दाखला देतो तेव्हा ही वर्षंही त्यात धरतो का, विचार. धरून सुद्धा करायचंच म्हणाला तर मग तो माणूस खरा.

आता माझ्या घरचं थोडं, नाहीतर फुकटचं व्याख्यान वाटेल.

ऊसतोड कामगारांवर फिल्म करत होते. बीडकडची माणसं, दसऱ्यानंतर निघतात, उन्हाळ्यापर्यंत कारखान्याच्या फडात. तिथे हिशेब कोयत्यावर असतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम उचल देतो ती नवऱ्याच्या हातात. बाई पहाटे उठून भाकऱ्या करते, फडात नवऱ्याच्या बरोबरीने राबते, मोळ्या डोक्यावरून ट्रकपर्यंत नेते, आणि वहीत तिचं नाव नाही. हे सगळं मी फार तावातावाने चित्रित केलं. संध्याकाळी पुण्याला घरी फोन लावला, बूथवरून, तर सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या त्या साउंडवाल्याच्या घरून फोन होता, त्याच्या मुलाला निरोप दिलाय. मंगळवारी किती माणसं जेवायला, ते सांग. आणि लॅबवाल्याला मी पैसे दिले, पावती कपाटात आहे."

मी बूथमध्येच हसायला लागले. आमचा कोयता मी आणि सासूबाई मिळून होता.

त्या फिल्मच्या श्रेयनामावलीत "निर्मिती व्यवस्था" म्हणून त्यांचं नाव घातलं. त्यांना दाखवलं तर चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, "मग याचे मानधन किती?" दिलं. पुढच्या प्रत्येक फिल्मच्या बजेटमध्ये त्यांची ओळ असायची. एका संस्थेने ती ओळ कापायला सांगितली, घरच्या माणसाला कसले पैसे म्हणून. मी म्हटलं, मग जेवणावळीचं कंत्राट बाहेर देते, त्याचे दर बघा. ओळ राहिली.

---

गोदाकाठची:

ताई, तुमचं उत्तर नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. वाटाण्याशी थांबला. मग "पुढे वाच" म्हणाला. काशीपर्यंत आलो तेव्हा स्वयंपाकघरात निघून गेला आणि भांडी घासायला लागला, हे आमच्याकडे विचारात पडल्याचं लक्षण आहे.

पॉलिसी बघितली. शाखाधिकारी काका, टर्म निघाली! मुलगी झाल्यावर घेतलेली. म्हणजे पॉलिसीचा प्रश्न मिटला, पाटल्यांवरचा ताण वाढला.

आता गंमत बाजूला ठेवते. मला त्याची फिल्म व्हायला हवी आहे. आठ लाखांची नको, पण व्हायला हवी. सुरुवात कुठून करायची?

---

क्लॅपबॉय_ते_कॅमेरा:

ताईंच्या पुढे बोलायची माझी लायकी नाही, पण पैशाचं थोडं सांगतो, कारण मी रोज तेच बघतो. गोरेगाव-मालाडकडे मालिकांना कॅमेरा करतो. कागदावर बारा तासांची शिफ्ट. पेमेंट नव्वद दिवसांनी, म्हणजे जानेवारीच्या कामाचे एप्रिलमध्ये, आणि तेही आले तर. माझ्या बायकोने त्यावर घर चालवायचं तंत्र बसवलंय, वाण्याचं बिल आमच्याकडे तीन महिन्यांच्या उधारीवर असतं, त्यालाही आता मालिकेचं कथानक पाठ आहे.

वहिनी, शॉर्ट फिल्ममधून पैसे परत येत नाहीत. हे एकदा दोघांनी मान्य करा की पुढची निम्मी भांडणं टळतील. महोत्सवात जाते, कौतुक होतं, प्रमाणपत्र मिळतं, प्रवेश फीसुद्धा आपणच भरतो. सरकारी अनुदानाचं कोणी सांगेल तर ते पूर्ण लांबीच्या मराठी चित्रपटाला, आणि तेही चित्रपट तयार होऊन सेन्सॉर झाल्यावर, परीक्षण समितीने दर्जा ठरवल्यावर. आधी खर्च, मग अर्ज. त्या भरवशावर कर्ज काढलेले दोनतीन जण मी ओळखतो, नावं नको.

आठ लाखांत मुख्य खर्च तंबूचा असणार. तंबू उभा करायलाच हवा का? रात्रीचा प्रसंग असेल तर प्रोजेक्टरचा झोत, त्यातली धूळ, आणि चार चेहरे. कापड अर्धंच लागेल. पुण्याहून कॅमेरामन कशाला, नाशिकमध्ये लग्नाची शूटिंग करणारी पोरं आहेत, त्यांच्याकडे आज जे कॅमेरे आहेत ते आम्हाला दहा वर्षांपूर्वी स्वप्नात मिळत नव्हते. त्यांना फक्त सांगावं लागतं की ड्रोन उडवू नको.

---

स्टीनबेक:

ड्रोनचं अगदी बरोबर.

गोदाकाठची, तू विचारलंस सुरुवात कुठून. तू लिहिलंस की आजोबांवर फिल्म. आजोबा तर गेले. तंबूच्या वेळचं घरातलं कोण आहे अजून? आजी असतील, आत्या असेल, गाडीवान असेल, तिकिटं फाडणारा पोरगा आज सत्तरीचा असेल. त्यांच्याकडे आधी जा. पटकथा घरी ठेवून जा. पटकथा वाचलेला माणूस प्रश्न विचारत नाही, होकार गोळा करतो.

चित्र मोबाइलवर घ्या, चालतं. आवाज मोबाइलवर घेऊ नका. साडीच्या पदराला लावायचा छोटा माइक घ्या, तो फार महाग नाही. खोलीतला पंखा, फ्रिज बंद. बोलणं थांबल्यावर लगेच कॅमेरा बंद करायचा नाही, म्हातारी माणसं गप्प झाल्यावर खरं बोलायला लागतात. "तेव्हा कसं वाटलं" असलं काही विचारायचं नाही, टीव्हीवाले विचारतात ते. तिकीट किती होतं, पाऊस आला तर काय करायचे, पोरं कनातीखालून घुसायची तेव्हा कोण हाकलायचं, हे विचारा.

बजेट दोघांनी मिळून लिहा, आणि त्यात तुझ्या कामाची ओळ असू दे. शिकवण्या बुडवून चार दिवस गेलीस तर त्या शिकवण्यांचे पैसे त्यात मांड. देता आले नाहीत तरी मांडलेले असू देत. आणि हिशेब, कॉल, जेवण एवढंच अंगावर घेऊ नकोस. एक तांत्रिक काम शीक. आवाज शीक, सगळे कॅमेऱ्याकडे धावतात, आवाजाला माणूस कधीच मिळत नाही.

पाटल्यांचं मी सांगणार नाही. त्या तुझ्या आहेत. द्यायच्या तर दे, नाही तर देऊ नकोस, पण सरस्वतीबाईंचं नाव घेऊन कोणी मागितल्या तर त्याला आधी भोकं पाडायचं यंत्र कुठाय ते विचार.

---

गोदाकाठची:

रविवारी गावी जाऊन आलो. नवऱ्याची आजी शहाऐंशीची आहे, मालेगावजवळ धाकट्या काकांकडे असते. दोन तास बोलली. आजोबांबद्दल फारच थोडं. बहुतेक सगळं डिझेलच्या जनरेटरबद्दल! तो कधी बंद पडायचा, कसा सुरू करायचा, ऑपरेटर एका जत्रेतून पळून गेला तेव्हा उरलेला अर्धा सिनेमा कोणी चालवला. तिने चालवला. आमच्या घरात हे कोणालाच माहीत नव्हतं. नवरा प्रश्न विचारायचाच विसरला, तोंड उघडं टाकून बसला होता. परत येताना गाडीत म्हणाला, पटकथा पहिल्यापासून लिहावी लागेल. आठ लाखांचं नाव काढलं नाही, मीही आठवण केली नाही.

पण ताई, आवाज बिघडला. मे महिना, आजीने पंखा बंद करू दिला नाही. "तुमच्या पिच्चरसाठी मी उकडून मरू का?" सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये घरघर आहे, आणि मधे एक शेळी. हे साफ होतं का कुठे? मुलगी म्हणते मोबाइलवर ॲप आहे.

---

स्टीनबेक:

ॲपने घरघर कमी होईल, पण आजींचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होईल. मूळ फाइल पुसू नका, दोन ठिकाणी ठेवा, तशीच्या तशी. शेळी राहू दे.

पुन्हा जा. सकाळी सातला बस, तेव्हा पंखा लागत नाही. नवऱ्याला कॅमेऱ्यामागे उभा कर आणि हेडफोन तू लाव. प्रश्नही तूच विचार, नातवापुढे आज्या थोरवीचं बोलतात, नातसुनेपुढे भांडणांचं. जनरेटर कुठल्या कंपनीचा होता आणि हँडल मारताना हात कसा धरायचा, ते हातवारे करून दाखवायला सांग.

---

निवृत्त_शाखाधिकारी:

टर्म पॉलिसीवर नॉमिनी म्हणून तुमचं नाव आहे ना, तेवढं बघून ठेवा. जनरेटर किर्लोस्करचा असणार, आमच्या गावच्या तंबूचा तोच होता.